धुराचे ओझे आणि दख्खनचा कातळ

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



'कार्बन डायऑक्साइड पकडण्याच्या आणि साठविण्याच्या पद्धती' असा विषय पत्रिकेवर छापलेला असतानाही आपण इतक्या संख्येने आलात, याचे मला थोडे आश्चर्यच वाटते. पर्यावरणाचा विषय निघाला की वक्त्याने अथर्ववेदातील पृथ्वीसूक्ताचा उल्लेख करावा, श्रोत्यांनी माना डोलवाव्यात आणि पाश्चात्त्यांच्या भोगवादाला चार शब्द सुनावून सभा संपवावी, असा आपल्याकडे प्रघात पडला आहे. पृथ्वीसूक्त आपलेच आहे आणि भोगवादाविषयीचे आपले म्हणणेही खोटे नाही. परंतु २०२४-२५ या एका वर्षात आपण १०० कोटी टनांहून अधिक कोळसा भूमीतून उपसला, हेही खोटे नाही. त्या कोळशाच्या धुराचे काय करावयाचे याचा विचार आपण आपल्या हिताने केला नाही, तर दुसरे कोणी तो आपल्यासाठी करतील आणि त्याचे देयक आपल्या हाती ठेवतील. ते देयक येऊ लागलेही आहे. त्याकडे मी नंतर वळेन.

प्रथम वस्तुस्थिती. कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवून धरतो, हे जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये प्रयोगशाळेत दाखविले. स्वीडनच्या अर्‍हेनियसने १८९६ मध्ये त्यावरून पृथ्वीच्या तापमानवाढीचे गणितही मांडले. त्यामुळे हे सारे अलीकडच्या काही संस्थांनी निधीसाठी रचलेले कुभांड आहे, असे जे आपल्यापैकी काहींना वाटते, ते मनातून काढून टाकावे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरील मौना लोआ पर्वतावर नियमित मोजमाप सुरू केले, तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. कोळशातील बारा किलो कार्बन जळतो तेव्हा तो हवेतील बत्तीस किलो प्राणवायूशी संयोग पावतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे धूर मूळ कार्बनाच्या जवळजवळ पावणेचार पट जड. आपल्या राखाळ कोळशाच्या एका किलोमागेही साधारण दीड किलो वायू चिमणीतून बाहेर पडतो. राख डोळ्यांना दिसते, तिचे ढीग साठतात, त्याविरुद्ध गावकरी मोर्चा काढतात. हा वायू दिसत नाही, वास येत नाही, म्हणून त्याचे वजन कोणाच्या ध्यानात येत नाही. जगभर कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला ३७०० कोटी टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. त्यात भारताचा वाटा ३०० कोटी टनांच्या घरातील आहे.

न्यायाची बाजू आणि तिची मर्यादा

आता न्यायाचे बोलू. आजवर मनुष्याने हवेत सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी जवळजवळ चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास. अमेरिकन माणूस वर्षाला सरासरी १४ टन वायू सोडतो, भारतीय माणूस सुमारे दोन टन. ज्यांनी दोन शतके आपल्या चिमण्या पेटत्या ठेवल्या आणि त्यांतील बराच काळ आपल्याच देशाची संपत्ती त्या भट्ट्यांत घातली, त्यांनी आज आपल्याला संयमाचे पाठ द्यावेत, हा उद्दामपणा आहे. २०२४ मध्ये बाकू येथील परिषदेत विकसित राष्ट्रांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचे आश्वासन दिले, तेव्हा भारताच्या प्रतिनिधींनी भर सभेत तो आकडा नाकारला. ते योग्यच झाले.

पण वातावरण हे न्यायालय नव्हे. तेथे दरडोई उत्सर्जनाचा युक्तिवाद चालत नाही. मराठवाड्यातील पाऊस लांबतो किंवा एका रात्रीत कोसळतो, तेव्हा तो दोन टनवाल्यांच्या शेतावर वेगळा आणि चौदा टनवाल्यांच्या शेतावर वेगळा पडत नाही. अपराध कोणाचा हा वाद जिंकूनही भोग आपल्यालाच भोगावयाचे असतील, तर वादाबरोबर उपायही हाती असला पाहिजे. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याची घोषणा केली. सौर आणि पवन ऊर्जेत आपण मोठी मजल मारली. २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची झाली. तथापि क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष वीज वेगळी. सूर्य मावळल्यावर आपल्या घरात जो दिवा लागतो, तो आजही बहुधा कोळशावरच लागतो.

मग तो धूर पकडावा कसा?

धुराड्यातला धूर पकडण्याची मूळ युक्ती नवी नाही. अमाइन नावाच्या रसायनांचे पाण्यातील द्रावण थंड असताना कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि १२० अंशांच्या आसपास तापविले की तो सोडून देते. या पद्धतीचे पेटंट १९३० मधले आहे. नैसर्गिक वायू शुद्ध करण्यासाठी ती अनेक दशके वापरात आहे. चिमणीतला धूर एका उंच मनोऱ्यात खालून वर सोडायचा, वरून हे द्रावण शिंपडायचे, वायू द्रावणात उतरला की ते दुसऱ्या मनोऱ्यात नेऊन तापवायचे, सुटलेला शुद्ध वायू दाबून नळात भरायचा आणि रिते झालेले द्रावण पुन्हा पहिल्या मनोऱ्यात आणायचे. पोहरा विहिरीत सोडावा, भरून वर आणावा, रिता करून पुन्हा सोडावा, तसे हे रहाट चालू राहते.

रहाट ओढायला मात्र बैल लागतो. द्रावण तापविण्यासाठी वाफ लागते, वायू दाबण्यासाठी वीज लागते आणि ही दोन्ही त्याच वीजकेंद्रातून घ्यावी लागतात. कोळशावरील केंद्राला ही यंत्रणा जोडली की त्याच्या विजेपैकी पाचवा ते चौथा हिस्सा, क्वचित त्याहूनही अधिक, तिच्यातच खर्ची पडतो. म्हणजे तेवढीच वीज गावाला द्यावयाची तर अधिक कोळसा जाळावा लागेल. या विषयावरील गुळगुळीत कागदाच्या पुस्तिकांत ही गोष्ट शेवटच्या पानावर, बारीक टाइपात असते.

पकडलेला वायू ठेवायचा कोठे? ३१ अंशांहून अधिक तापमान आणि हवेच्या सुमारे ७४ पट दाब मिळाला की हा वायू द्रवासारखा दाट होतो. जमिनीखाली ८०० मीटरच्या पलीकडे ही स्थिती आपोआप लाभते. तेथे सच्छिद्र वालुकाश्माचा थर असावा, त्यातील पाणी खारे, म्हणजे पिण्यास निरुपयोगी असावे आणि वर अभेद्य मृत्तिकेचे झाकण असावे. नॉर्वेने उत्तर समुद्रात स्लाइपनर येथे १९९६ पासून हेच केले आहे. तेथील नैसर्गिक वायूत सुमारे नऊ टक्के कार्बन डायऑक्साइड निघतो आणि विक्रीसाठी तो अडीच टक्क्यांवर आणावा लागतो. वेगळा काढलेला वायू पूर्वी सरळ हवेत सोडला असता. पण नॉर्वेने १९९१ मध्येच कार्बनवर कर बसविला होता. हवेत सोडण्यापेक्षा समुद्रतळाखालील वालुकाश्मात कोंबणे स्वस्त पडू लागले आणि वर्षाला जवळजवळ दहा लाख टन वायू तेथे जाऊ लागला. भूकंपमापनाच्या तंत्राने तो वायू थरात कसा पसरतो आहे, याची चित्रे वेळोवेळी काढली जातात. तो जागेवर आहे.

स्लाइपनरचे उदाहरण सर्वत्र दिले जाते. कॅनडातील बाउंड्री डॅमचे मात्र सहसा कोणी देत नाही. कोळशावरील वीजकेंद्राला मोठ्या प्रमाणावर ही यंत्रणा जोडण्याचा तो जगातील पहिला व्यापारी प्रयत्न. २०१४ मध्ये सुरू झाला. वर्षाला दहा लाख टनांचे उद्दिष्ट होते, ते पुनःपुन्हा हुकले. अमेरिकेत टेक्सासमधील पेट्रा नोव्हा प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला, २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळताच बंद पडला आणि २०२३ मध्ये पुन्हा चालू झाला. तेलाच्या भावाचा येथे काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध असा, की पकडलेला वायू जुन्या तेलविहिरीत सोडून उरलेसुरले तेल वर काढायचे, हेच त्या प्रकल्पाचे उत्पन्न होते. धूर पुरायचा, त्याच्या दाबाने तेल उपसायचे आणि ते तेल पुन्हा जाळायचे! जगात आज चालू असलेल्या सर्व प्रकल्पांची मिळून क्षमता वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास आहे आणि तिचा मोठा भाग असाच तेल काढण्यासाठी खर्च होतो. ३७०० कोटींपुढे पाच कोटी.

येथे एक शब्दभेद नीट लक्षात घ्यावा, कारण उद्योगांच्या प्रसिद्धिपत्रकांत तो हटकून पुसला जातो. वापर निराळा आणि साठवण निराळी. आयआयटी खरगपूरमध्ये शिकलेल्या अनिरुद्ध शर्मा आणि प्रतीक बुंब या दोन तरुणांनी स्थापन केलेल्या कंपनीच्या तंत्राने तमिळनाडूत तुतिकोरीन येथील कारखान्याच्या धुरातून वर्षाला ६०,००० टन वायू पकडून त्यापासून सोडा अ‍ॅश तयार करण्याची यंत्रणा उभी राहिली, तीही सरकारी अनुदानाविना. जमशेदपूरला टाटा स्टीलने २०२१ मध्ये झोतभट्टीच्या वायूतून दिवसाला पाच टन पकडणारे संयंत्र बसविले. एनटीपीसीने विंध्याचल येथे दिवसाला २० टन वायू पकडून त्यापासून मिथेनॉल बनविण्याचे काम हाती घेतले. भारतीय बुद्धीचा हा पराक्रम आहे आणि त्याचा अभिमान बाळगावा. पण सोडा अ‍ॅश काचेच्या भट्टीत गेली की तिच्यातला वायू बाहेर पडतो. मिथेनॉल जाळले की पडतो. युरिया शेतात टाकला की त्यातलाही पडतो. हा वायूचा मुक्काम आहे, कायमचा निवास नव्हे.

झाडांविषयीही हेच. देवराया राखणे, खारफुटी वाढविणे, शेणखताने मातीतला सेंद्रिय कर्ब वाढविणे ही कामे आपण पाण्यासाठी, मातीसाठी, जीवसृष्टीसाठी केलीच पाहिजेत. मात्र कोट्यवधी वर्षे भूमीखाली असलेला कोळसा येथे जाळायचा आणि त्याच्या बदल्यात कोठेतरी रोपे लावल्याचे प्रमाणपत्र विकत घ्यायचे, हा प्रकार आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा आहे. ते रोप जगेल की नाही हेही कोणी पाहत नाही.

लोहाफेक्सचा धडा

आपल्या शेजारच्या गोव्याची एक कथा सांगतो. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी २००९ च्या आरंभी अंटार्क्टिकाजवळच्या दक्षिण महासागरात एक प्रयोग केला. त्याचे नाव 'लोहाफेक्स'. त्यातला 'लोहा' आपलाच. वाजिह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटासेक हे त्याचे प्रमुख. कल्पना अशी होती, की त्या समुद्रात लोहाची वाण असल्याने सूक्ष्म वनस्पती फोफावत नाहीत. लोह घातले तर त्या वाढतील, हवेतील कार्बन शोषतील आणि मेल्यावर तो घेऊन समुद्रतळाशी जातील. जर्मनीत पर्यावरणवाद्यांनी गहजब केला, प्रयोग काही दिवस अडविला गेला आणि नंतर अनुमती मिळाली. सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोहाचे क्षार विरघळविले गेले. वनस्पती वाढल्याही. पण ज्यांच्या कवचाला सिलिका लागते त्या जड जाती तेथे वाढू शकल्या नाहीत, कारण पाण्यात सिलिका नव्हती. ज्या वाढल्या त्या बारीक प्राण्यांनी खाऊन टाकल्या आणि त्या प्राण्यांना त्यांच्याहून मोठ्यांनी खाल्ले. तळाशी फारसे काही गेलेच नाही.

प्रयोग फसला असे काही वृत्तपत्रांनी छापले. मला तसे वाटत नाही. समुद्रात लोखंड ओतून कार्बनची दुकानदारी करू पाहणाऱ्या परदेशी कंपन्या त्या काळी बाजारात उतरल्या होत्या. त्यांच्या दाव्याची प्रत्यक्ष समुद्रावर परीक्षा घेणाऱ्यांत भारतीय शास्त्रज्ञ अग्रभागी होते आणि निष्कर्ष प्रतिकूल आला तेव्हा त्यांनी तो जसाच्या तसा जगापुढे ठेवला. स्वदेशी विज्ञान म्हणतात ते याला.

कातळाची गोष्ट

आता आपल्या पायाखाली येऊ. दख्खनचा हा काळा कातळ, ज्यातून वेरूळचे कैलास लेणे कोरले गेले आणि ज्यावर सह्याद्रीचे गडकोट उभे आहेत, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. पाच लाख चौरस किलोमीटरवर तो पसरला आहे. या बेसॉल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह विपुल असते. कार्बन डायऑक्साइड मिसळलेले आम्लधर्मी पाणी त्यात शिरले, की ही द्रव्ये विरघळतात आणि वायूशी संयोग पावून त्यांचा कार्बोनेट खनिज, म्हणजे दगडच, बनतो. वायूचा दगड झाला की तो निसटण्याची भीती संपली.

हे कल्पनारंजन नव्हे. आइसलँडमध्ये हेलिशेइडी येथील कार्बफिक्स प्रकल्पात २०१२ मध्ये असा वायू बेसॉल्टमध्ये सोडला गेला आणि त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक भागाचे दोन वर्षांच्या आत खनिज झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील वालुला येथे २०१३ मध्ये सुमारे हजार टन वायू बेसॉल्टमध्ये घातला आणि दोन वर्षांनी काढलेल्या नमुन्यांत कार्बोनेटच्या गाठी सापडल्या. आपल्याकडे तर निसर्गाने हे काम स्वतःच करून ठेवले आहे. नाशिक-जळगावकडच्या कातळाच्या पोकळ्यांत झिओलाइटच्या सोबतीला कॅल्साइटचे जे सुंदर स्फटिक मिळतात आणि सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात ज्यांसारखे स्फटिक आपण मुलांना दाखवून आणतो, ते कॅल्साइट म्हणजे कातळात बंद झालेला कार्बनच होय. भारतात एकूण ४०० ते ६०० अब्ज टन वायू भूगर्भात साठविता येईल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात आहे आणि त्याचा मोठा वाटा बेसॉल्टचा धरलेला आहे.

हा आकडा ऐकून टाळ्या वाजवू नयेत. तो कागदावरचा अंदाज आहे. आइसलँडचा कातळ तरुण आहे, भेगाळ आहे. आपला म्हातारा आहे आणि त्याच्या पोकळ्या त्याच सुंदर स्फटिकांनी बुजल्या आहेत. ज्यात वायू शिरावयाचा ती सच्छिद्रता कोठे किती उरली आहे, हे खोल विवरे घेतल्यावाचून कळणार नाही. दुसरी अडचण पाण्याची. कार्बफिक्सच्या पद्धतीत एक टन वायू विरघळवायला सुमारे २५ टन पाणी लागते. आइसलँडमध्ये पाण्याला तोटा नाही. ज्या मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकर धावतात, तेथे हे पाणी कोठून आणणार? समुद्राचे पाणी वापरता आले तर कोकणपट्टीचा विचार होईल. वालुलाप्रमाणे पाण्याविना, दाट केलेला वायूच सोडावा तर तो दगड होईपर्यंत वर निसटू नये म्हणून झाकण भक्कम हवे. तिसरी अडचण कोयनेची. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप सातारा-सांगलीकडील मंडळी विसरलेली नाहीत. धरणाच्या पाण्याने तेथील भूकंपांना चालना मिळते, हे आज सर्वमान्य आहे. त्याच संशोधनासाठी रासाटी येथे घेतलेल्या विवरात ९३३ मीटरवर कातळ संपला आणि खाली थेट ग्रॅनाइट लागले. पाण्याच्या दाबाने जी भूमी हलते, तिच्या आसपास दाबाने वायू घालण्याचा विचारही कोणी करू नये.

हवेतूनच थेट वायू खेचून घेणारी यंत्रे निघाली आहेत, त्यांचाही गवगवा बराच आहे. आइसलँडमधील 'ओर्का' हे यंत्र २०२१ मध्ये सुरू झाले, वर्षाला ४,००० टन ही त्याची घोषित क्षमता. आपले चंद्रपूरचे २९२० मेगावॉटचे महाऔष्णिक केंद्र पूर्ण भाराने चालले, तर एका युनिटमागे साधारण एक किलो या हिशेबाने, तेवढा वायू दीड तासाच्या आत बाहेर टाकते. यावर अधिक बोलण्याची आवश्यकता नाही.

पैसा कोठे घालावा?

माझे मत स्पष्ट सांगतो. कोळशाच्या जुन्या वीजकेंद्रांना ही यंत्रणा जोडत बसणे आपल्याला परवडणारे नाही. विजेला सूर्य, वारा, जलविद्युत आणि अणुऊर्जा असे पर्याय आहेत. पैसा तेथे जावा. सिमेंटला मात्र असा पर्याय नाही. चुनखडी भाजली की तिच्या दर १०० किलोमागे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतोच. भट्टी सौरविजेवर चालविली तरी सुटतो, कारण तो इंधनातला नसून दगडातला आहे. सिमेंट उत्पादनात आपण जगात दुसरे आहोत आणि घरे, रस्ते, पूल अजून कितीतरी बांधावयाचे आहेत. नॉर्वेत ब्रेविक येथील सिमेंट कारखान्याने २०२५ मध्ये वर्षाला चार लाख टन वायू पकडणारी यंत्रणा सुरू केली. तो वायू जहाजाने नेऊन समुद्रतळाखाली साठवितात. चंद्रपूर-यवतमाळच्या सिमेंट पट्ट्याला उद्या याचा विचार करावा लागेल.

पोलादाची निकड त्याहून तातडीची आहे, आणि मी आरंभी म्हटलेले देयक ते हेच. युरोपीय संघाने आयात मालावर कार्बन आकारणीची व्यवस्था केली. तिचा प्रत्यक्ष टप्पा १ जानेवारी २०२६ पासून सुरू झाला. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खते तिच्या कक्षेत आहेत. आपल्या एक टन पोलादामागे अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे जागतिक सरासरीपेक्षा अधिक. ही आकारणी म्हणजे पर्यावरणाचा मुखवटा चढविलेली जकातच आहे आणि तिचा विरोध प्रत्येक व्यासपीठावर झाला पाहिजे. परंतु निर्यातदाराने आपल्याच देशात कार्बनची किंमत भरलेली असेल, तर तेवढी वजावट त्या व्यवस्थेत मिळते. २०२३ मध्ये अधिसूचित झालेली आपली कार्बन क्रेडिट व्यापार योजना खऱ्या अर्थाने धारदार केली, तर जो पैसा ब्रुसेल्सच्या तिजोरीत जाणार तो येथे राहील आणि येथल्याच भट्ट्यांच्या सुधारणेला लागेल. हाच कर नॉर्वेच्या कामी कसा आला, ते आपण पाहिले.

शेवटी सुरक्षिततेविषयी, कारण हा प्रश्न ज्यांच्या गावाखाली वायू जाणार त्यांचा आहे. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि सखल जागी साचतो. कॅमेरूनमध्ये न्योस सरोवराच्या तळाशी नैसर्गिकरीत्या साचलेला वायू २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री एकाएकी उसळला आणि सुमारे १७०० माणसे झोपेतच गुदमरून गेली. अमेरिकेत मिसिसिपीतील सटार्शिया या गावाजवळ २०२० मध्ये या वायूची नळवाहिनी फुटली, तेव्हा दोनशेहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली आणि ४५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. प्राणवायूअभावी मोटारींची इंजिनेही बंद पडली. खोल थरात नीट साठविलेला वायू याप्रमाणे उसळत नाही, पण नळवाहिनी फुटू शकते. भोपाळ पाहिलेल्या देशाने दायित्वाचा प्रश्न आधी विचारावा. युरोपच्या २००९ च्या निर्देशानुसार साठा बंद केल्यानंतर साधारणतः किमान वीस वर्षे कंपनीलाच जबाबदार राहावे लागते, मगच ती सरकारकडे जाते. आपल्याकडे भूगर्भातील त्या पोकळीची मालकी कोणाची, देखरेख कोणी करायची, ग्रामसभेला विचारायचे की नाही आणि कंपनी बुडाली तर उत्तर कोणी द्यायचे, हे पहिले विवर खणण्यापूर्वी कायद्याने ठरले पाहिजे.

आणि ते पहिले विवर खणले जावे, असे मला वाटते. कोयनेपासून दूर, पिण्याच्या पाण्याच्या थरांच्या पुष्कळ खाली, काही हजार टनांपुरते. आयआयटी मुंबईत या विषयाचे राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र आहे, हैदराबादला राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था आहे. मोजमाप त्यांनी करावे आणि निष्कर्ष, लोहाफेक्सप्रमाणेच, अनुकूल असो वा प्रतिकूल, मराठीतही प्रसिद्ध करावेत. दोन-तीन वर्षांत कातळच काय ते सांगेल. प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखावा अशी संयोजकांची चिठ्ठी मघाशीच आली आहे, म्हणून येथे थांबतो.